नऊ महिने नॅनोचा फिल्टर आणि आमची डिचोलीची विहीर

गेल्या मे महिन्यात शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेलो होतो, येताना हा पाण्याचा फिल्टर घेऊन आलो. लाइटशिवाय चालणारा, वर एक टाकी खाली एक टाकी, मध्ये कार्ट्रिज आणि त्यात नॅनो सिल्व्हर लावलेला कार्बन. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगीच वाद नको. दुकानदार म्हणाला, "बाब, नॅनो म्हणजे पाण्यातलं सगळं वता", म्हणजे सगळं जातं. हे सगळं वता प्रकरण मला पुढे बरंच महागात पडलं.

आमच्याकडे, म्हणजे गोव्यात डिचोलीला, पाणी दोन प्रकारचं. नळाला पडोसेच्या पाणी शुद्धीकरण प्लांटचं येतं ते चांगलं असतं, पण पावसात लाइट गेली की पंपिंग बंद आणि नळ कोरडा, मग विहीर. विहीर आजोबांच्या काळातली, चिऱ्याची, आणि आमच्या मातीत लोखंड किती ते डिचोलीवाल्यांना मी काय सांगणार, अख्खा खाणधंदा त्याच्यावर चालला. विहिरीच्या पाण्याचा चहा आमच्याकडे कायम काळपट होतो. लहानपणी वाटायचं आई पावडर जास्त घालते. ते चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोखंड एकत्र आलं की होतं.

तर जून कोरडाच गेला, जुलैत धो धो. नळ तीन दिवस बंद, मी विहिरीचं पाणी कळशीने काढून थेट फिल्टरात ओतत गेलो, आणि बॉक्सवर तीन हजार लिटर लिहिलेलं कार्ट्रिज पाच आठवड्यांत तुंबलं. आमचा खप दिवसाला पंधरा लिटर, म्हणजे हिशोबाने दोनशे दिवस चालायला हवं होतं. शेवटी शेवटी अख्ख्या रात्रीत जेमतेम दोन तांबे पाणी खाली यायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे गढूळ पाणी घातलंत, वॉरंटी नाही. मग आधी सांगायचं ना!

आणि एवढं करून चहा काळाच! तेव्हा कुठे डोक्यात ट्यूब पेटली आणि मी जरा वाचायला बसलो.

मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. चांदीचे कण एवढे बारीक केले की थोड्याशा चांदीचा पृष्ठभाग भरपूर होतो, त्यातून आयन (विद्युतभार असलेले चांदीचे अणू) सुटतात आणि ते बॅक्टेरियाच्या आवरणाला आणि आतल्या प्रोटीनला चिकटून त्याचं काम थांबवतात. बस, एवढंच. पाण्यात विरघळलेलं लोखंड, क्षार यांच्याशी चांदीला काही देणंघेणं नाही. शेजारच्या काकांनी त्यांच्या आरओवाल्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणून लावला, विहिरीचं ७०, फिल्टरचंही ७०, तर म्हणाले फसवलं तुला. पण काका, टीडीएस हा जंतूंचा आकडा नव्हेच! उलट ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ लावू नये असं हरित लवादाने २०१९ मध्येच सुचवलंय.

आता गंमत बघा. ज्या लोखंडाने माझं कार्ट्रिज मारलं त्याच लोखंडाचे नॅनो कण वापरून आयआयटी मद्रासचे प्रा. थलप्पिल प्रदीप यांनी आर्सेनिक काढायचं 'अमृत' तंत्र केलं, आर्सेनिक त्या लोखंडाच्या कणांना चिकटून राहतं. त्याआधी त्यांनीच चांदीचे नॅनो कण वापरून पाण्यातली कीटकनाशकं घालवायचा फिल्टर केला होता. २००९ साली टाटांचा स्वच्छ आला (माझा तो नव्हे) त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो चांदी होती, जी राख आमची आजी भांडी घासायला वापरायची. म्हणजे नॅनो हा एकच प्रकार नाही, कुठला कण कशासाठी ते बघून घ्यायचं.

दुसरं कार्ट्रिज ऑगस्टमध्ये घातलं आणि आधी पाण्याची सोय केली. विहिरीचं पाणी संध्याकाळी उंचावरून दोन-तीनदा या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतायचं, हवा लागली की लोखंड तांबडं होऊन रात्रीत तळाला बसतं, फारच गढूळ असेल तर तुरटी फिरवायची, सकाळी वरचं पाणी चौपदरी धोतराच्या कापडातून फिल्टरात. चहा सुधारला! आई म्हणाली हे तर आम्ही पूर्वीपासून करतोय, तुला मशीन घेतल्यावर कळलं.

जंतूंचं काम मात्र चोख. पाण्यातले जंतू तपासायच्या एचटूएसच्या बाटल्या मिळतात, पाणी घालून ठेवायचं, काळं झालं तर संशय. विहिरीचं एका रात्रीत काळंकुट्ट, फिल्टरचं दोन दिवसांनंतरही जसंच्या तसं. फक्त ऑक्टोबरात एकदा फिल्टरचंही काळं झालं, मी घाबरलो, बघतो तर खालची टाकी गणपतीच्या चवथीपासून कोणी धुतलीच नव्हती, नळाच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत. गरम पाण्याने धुतल्यावर ठीक. चांदी कार्ट्रिजमध्ये आहे, टाकीत नाही, आता दर रविवारी धुतो.

वेग हा मोठा वैताग. तासाला तीनेक लिटर. चवथीला घरात वीस माणसं, फिल्टर काय पुरणार, शेवटी परसात चूल पेटवून मोठ्या टोपात उकळलं. आणि नुसत्या चांदीचा व्हायरसवर फारसा भरवसा नसतो, त्यामुळे गावात कावीळ (पाण्यातून येते ती व्हायरसचीच) आली असं कानावर पडलं की आम्ही नॅनो-बिनो बाजूला ठेवून सरळ उकळतो.

दुसरं कार्ट्रिज जानेवारीच्या शेवटापर्यंत चाललं, साधारण साडेपाच महिने, आता तिसरं. पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा दुकानदारासाठी कापला.

एक राहिलंच. जुनी दोन कार्ट्रिजं दुकानदार परत घेत नाही. मावसभाऊ कळंगुटला हॉटेलच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) आहे, तो म्हणतो आमचा प्लांट जंतूंवर चालतो, तुझी चांदी तिकडे पाठवू नकोस. एवढ्याशा चांदीने काही व्हायचं नाही, सांडपाण्यात ती गंधकाला धरून सल्फाइड होऊन बसते, पण फेकवत नाही. दोन्ही बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) पडून आहेत, आईने एकाला शेवंतीच्या कुंडीचं टेकण केलंय.