राजवाड्यामागच्या दुकानातील अमेरिकन व्यापारी पत्रे: एक अभिप्राय

इंदूरमध्ये राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जुनी नाणी आणि टपाल तिकिटे विकणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे येणारे बहुतेक ग्राहक होळकर संस्थानाची तिकिटे, त्यातही १८८६ साली निघालेले दुसऱ्या तुकोजीरावांचे अर्ध्या आण्याचे तिकीट मागतात आणि त्या विभागात दुकानाची निवड उत्तम आहे. हा अभिप्राय मात्र तेथील एका वेगळ्या खणाविषयी आहे. त्यात अमेरिकेतील तिकिटांपूर्वीच्या काळातील, म्हणजे १ जुलै १८४७ रोजी तेथे पहिली सरकारी तिकिटे निघण्याआधीची, व्यापाऱ्यांची पत्रे ठेवलेली आहेत. आपल्या शहरात असा संग्रह हाताळायला मिळावा, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्यातील उणिवाही स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते.

मी घेतलेले पत्र १८३६ सालचे असून कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील एका हॅट बनवणाऱ्या कारखानदाराने ते न्यूयॉर्कच्या फरच्या व्यापाऱ्याला लिहिले आहे. डॅनबरी हे अमेरिकेतील हॅट उद्योगाचे मोठे केंद्र होते. पत्राला पाकीट नाही. लिहिलेल्या कागदाचीच घडी घालून ती लाल लाखेने बंद केली आहे आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पत्ता आहे. पत्त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टमास्तरने शाईने ‘२०’ हा आकडा लिहिला आहे. टपाल हशील आधी भरल्याचा शिक्का कोठेही नाही, त्यामुळे हे हशील पत्र घेणाऱ्याने भरले असणार. त्या काळी तशीच पद्धत होती.

या ‘२०’विषयी दुकानाच्या चिठ्ठीवर ‘लांब पल्ल्याचा दर’ असे लिहिले होते आणि ते चूक आहे. १८२५ ते १८४५ या काळात एका कागदाच्या पत्राला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० मैलांपर्यंत १०, १५० मैलांपर्यंत साडेबारा, ४०० मैलांपर्यंत पावणेएकोणीस आणि त्यापुढे २५ सेंट पडत असत. या तक्त्यात २० सेंटांची पायरीच नाही. डॅनबरी ते न्यूयॉर्क हे अंतर ८० मैलांच्या आतले, म्हणजे दर १० सेंट. त्या वेळी हशील अंतराबरोबर कागदांच्या संख्येवर मोजले जाई आणि आत दुसरा कागद असेल तर ते दुप्पट होई. पाकिटे फारशी वापरली जात नसत, त्याचे कारणही हेच, कारण पाकीट हाही एक कागदच मोजला जाई.

दुसरा कागद कोणता, हे पत्र उघडून वाचल्यावर कळते. कारखानदाराने फरच्या किमतीपोटी सहा महिन्यांच्या मुदतीची सही केलेली वचनचिठ्ठी, म्हणजे मुदतीनंतर पैसे देण्याचे लेखी वचन, ‘सोबत जोडली आहे’ असे लिहिले आहे; आपल्या सराफ्यात पूर्वी मुदती हुंडी फिरत असे, तसाच तो व्यवहार. चिठ्ठी स्वतः आता पत्रात नाही, ती वसुलीसाठी काढून घेतली गेली असावी, पण तिचे हशील बाहेरच्या आकड्यात उरले आहे. दुकानदार बाहेरच्या शिक्क्यांचे वर्णन काळजीपूर्वक करतात आणि आतला मजकूर न वाचता पत्र खणात ठेवतात, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

मजकूर तर फारच भरीव आहे. बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याच्या फरचा भाव परवडत नाही, म्हणून हलक्या मालासाठी मस्करॅट या त्याहून लहान प्राण्याचा फर पाठवावा, अशी मागणी त्यात आहे. बीव्हरच्या आतल्या मऊ केसांवर सूक्ष्म काटे असतात, ओल आणि उष्णता देऊन मळल्यावर ते एकमेकांत अडकतात आणि त्यातून घट्ट नमदा, म्हणजे हॅटसाठी लागणारे न विणलेले जाड कापड, तयार होतो. म्हणूनच या फरला एवढा मान होता. बीव्हर महागला, तेव्हा हॅटचा गाभा स्वस्त फरचा किंवा लोकरीचा करून वर बीव्हरचा पातळ थर चढवत. तयार माल गाडीने नॉरवॉकच्या बंदरात आणि तेथून जहाजाने न्यूयॉर्कला जाईल, असेही शेवटी लिहिले आहे. डॅनबरीला रेल्वे पोहोचली ती १८५२ साली. पुढच्याच वर्षी, मे १८३७ मध्ये, न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबवले, हे माहीत असणाऱ्या वाचकाला त्या सहा महिन्यांच्या मुदतीकडे पाहून काळजी वाटल्याशिवाय राहत नाही.

पत्राच्या पाठीवर घेणाऱ्याने पाठवणाऱ्याचे नाव, मिळाल्याची तारीख आणि उत्तर दिल्याची तारीख आडव्या ओळींत नोंदवली आहे. व्यापारी अशी पत्रे गठ्ठे बांधून जपत आणि हे गठ्ठेच पुढे बाजारात आले. खणात त्याच फर-व्यापाऱ्याच्या पेढीच्या नावाची आणखी काही पत्रे मला दिसली, पण ती वेगवेगळ्या किमतींना सुटी विकायला ठेवली आहेत. एका पेढीचा पत्रव्यवहार असा फोडणे मला योग्य वाटत नाही. निदान विकण्यापूर्वी सर्व पत्रांची छायाचित्रे काढून क्रम नोंदवावा, असे मी दुकानाच्या मालकांना सुचवले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

साठवणुकीबाबतही एक सूचना करावीशी वाटते. काही पत्रे पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्यांत आहेत. हे प्लास्टिक कालांतराने चिकट होते आणि कागद व शाई दोन्ही खराब करते. पॉलिस्टरच्या पिशव्या थोड्या महाग पडतात, पण वापरायच्या त्याच. वारंवार उघडझाप केल्यामुळे माझ्या पत्राची एक घडी कडेला फाटली आहे. मालकांनी ती आधीच दाखवून किंमत कमी केली, हे मला आवडले.

दीड हजार रुपयांत मिळालेले हे पत्र मला महाग वाटले नाही. पक्के बिल मिळते आणि पत्र टेबलावर उघडून निवांत वाचायची मुभा असते. तेथे जाणाऱ्याने वरचा दरतक्ता कागदावर उतरवून सोबत न्यावा, बाहेरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा आणि तो कोणत्याही पायरीत बसत नसेल, तर ते पत्र आधी उघडून वाचावे.