खिशातलं संविधान: मजकूर झकास, बांधणी कच्ची

धाकट्या भावाची एमपीएससी चाललीय, म्हणून बिंदू चौकाजवळच्या दुकानातून मराठी संविधानाची खिशात मावणारी प्रत घेतली. १५० रुपये. त्याच्याआधी मीच रंकाळ्याच्या कट्ट्यावर वाचत बसलो. अक्षर इतकं बारीक, की कपाळावरचा चष्मा खाली आणावाच लागला.

आठव्या दिवशी पान सुटलं, ते नेमकं अनुच्छेद ४८क चं! राज्यानं पर्यावरण, वनं, वन्यजीव जपावेत, हे मूळ संविधानात नव्हतंच. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलं. तिनंच ५१क मधून नद्या-तळी राखायचं कर्तव्य आपल्याही गळ्यात घातलं. गंमत म्हणजे ४८क नीतिनिर्देशक तत्त्वांत, म्हणजे सरकारला कारभाराची दिशा दाखवणाऱ्या तत्त्वांत. नुसत्या त्याच्या जोरावर कोर्टातून अंमल करून घेता येत नाही. मग सुप्रीम कोर्टानं २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्कातच स्वच्छ हवा-पाणी बसवलं. इक्वाडोरनं तर २००८ मध्ये थेट निसर्गालाच हक्क दिले. आमच्या पंचगंगेला मिळाले तर? उन्हाळ्यात पुलावरनं जाताना नाक दाबावं लागतं हो.

तळटिपांत दुरुस्त्यांची सालं दिलीत, हे बेस्ट. दुकानदार मामांनी कुरकुर न करता प्रत बदलून दिली. आता तीही सुटायला लागलीय. डिंक आणलाय.