प्रथम वर्षात मॅटवर किती मिनिटे? सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाविषयी अभिप्राय

माझ्या मुलीने गेल्या वर्षी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, तो मुख्यतः तेथील मुलींच्या कबड्डी संघाकडे पाहून. प्रवेशाच्या दिवशी जिमखान्यातील ढालींनी भरलेले कपाट आम्हाला कौतुकाने दाखवण्यात आले. पहिल्या वर्षाच्या किती मुली प्रत्यक्ष सामन्यात उतरतात, हे विचारायचे मात्र आम्हाला सुचले नाही.

सरावाबद्दल तक्रार नाही. पहाटे साडेपाचला मॅट अंथरलेली असते आणि क्रीडाशिक्षक स्वतः उभे राहून साखळी पकड शिकवतात. शाळेत मातीवर खेळलेल्या मुलीला मॅटवरचे बूट अंगवळणी पडायला दोन महिने लागले, तेवढा धीर त्यांनी धरला. प्रवासातील जेवण यथातथाच असते, पण डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की सोलापूरच्या मुलींचे काही अडत नाही.

अडचण सामन्याच्या दिवशी सुरू होते. संघ 12 जणींचा, त्यांतील 7 मैदानात आणि 5 राखीव; मुलींचा सामना 15 मिनिटांच्या दोन डावांचा, आणि बाद होऊन बाहेर बसलेल्या खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू उतरवता येत नाही. त्यात आपल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतेच असल्याने संघ मोजके, आणि आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची होती, म्हणजे एक सामना हरला की हंगाम आटोपला. अशा वेळी तिसऱ्या वर्षाच्या मुलींवर भिस्त ठेवण्यामागचे कारण मला पटते. परंतु एका सामन्यात आपला संघ वीसहून अधिक गुणांनी पुढे होता, प्रतिस्पर्ध्यांवर दोन लोण चढले होते (म्हणजे त्यांचा अख्खा संघ दोनदा बाद झाला होता), पाच मिनिटे उरली होती, तरीही राखीव बाकावरची एकही मुलगी उठवली गेली नाही. याला सावधपणा म्हणता येणार नाही, ही निव्वळ कंजुषी झाली. शिटी वाजल्यावर मुलीने नी-कॅपचा पट्टा ओढून सोडवला आणि घामाचा थेंबही न लागलेली ती नी-कॅप घडी घालून पिशवीत ठेवली.

संपूर्ण स्पर्धेत तिच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे आणि एकच चढाई आली. समोर सहा जणी उभ्या असताना बोनस रेषा ओलांडून ती सुखरूप परतली. तो एक गुण त्या रात्री तिने आजीला ताटात चमचा आडवा ठेवून समजावून सांगितला.

क्रीडाशिक्षकांना विचारले असता, ‘पहिलं वर्ष बघून शिकायचं असतं,’ असे उत्तर मिळाले. बाकावरून सामन्याचा अंदाज येतो, हे खरे. पण 30 सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी’चा उच्चार न तोडता दम कसा पुरवायचा, हे बसून कळत नाही. स्पर्धेनंतर त्यांनीच दुसऱ्या एका संघाबरोबर तीन सराव सामने ठेवले आणि त्यांत पहिल्या वर्षाच्या मुलींना अख्खा एकेक डाव दिला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. हेच सामने स्पर्धेच्या आधी झाले असते, तर सरांनाही मुली कळल्या असत्या.

पाचपैकी तीन तारे देत आहे, तेही सरावासाठी. येथे प्रवेश घेणाऱ्या पालकांनी ढाली जरूर पाहाव्यात, पण गेल्या हंगामातील गुणपत्रके मागून त्यांत प्रथम वर्षाच्या किती मुलींची नावे आहेत, तेही पाहावे.