‘इंग्लिश फ्रेजल व्हर्ब्ज इन यूज’: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द जोडून झालेली ‘गेट अप’सारखी जोडी. त्या शिकवणारं मायकल मॅकार्थी आणि फेलिसिटी ओडेल यांचं केंब्रिजचं हे पुस्तक (इंटरमिजिएट) पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं होतं. आता दिवाळी होऊन गेली, ७० पाठ एकदा करून झाले आणि दुसरी फेरी चालू आहे.

मांडणी सुटसुटीत आहे. डाव्या पानावर अर्थ आणि वाक्यं, उजवीकडे स्वाध्याय, उत्तरं शेवटी. पण पैसे वसूल होतात ते अप, आउट, ऑफ, डाउन, ओव्हर या छोट्या शब्दांवरच्या पाठांत. शाळेत आपण क्रियापद धरून पाठांतर करतो: गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर. त्यातून हाती फार काही लागत नाही. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप एकापाठोपाठ वाचले, की ‘अप’ गोष्ट पुरती संपवतो हे आपसूक दिसतं. आपण ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’ म्हणतो तेव्हा ‘टाक’ हेच करत असतो. त्यामुळे मराठी माणसाला हा भाग अवघड जायचं कारणच नाही, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात सगळंच असं उलगडत नाही. दिवे ‘गो ऑफ’ झाले म्हणजे गेले, अलार्म ‘गो ऑफ’ झाला म्हणजे वाजला आणि ब्रिटिश इंग्रजीत दूध ‘गो ऑफ’ झालं म्हणजे नासलं! असे अर्थ वाक्यासकटच लक्षात ठेवावेत. ऑफिसात सगळ्यात आधी उपयोगी पडला तो ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’मधला फरक. मीटिंग पुढे ढकललीय की रद्दच झालीय, यावर पुढची सगळी तयारी अवलंबून असते.

सर्वनामाच्या जागेकडे नीट लक्ष द्या. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हर’च. हे वाचून अंगवळणी पडत नाही, स्वाध्याय लिहूनच काढा. बोलताना ‘टर्न इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर येतो. त्यासाठी कान तयार करायला मी बीबीसी लर्निंग इंग्लिश जोडीला ठेवलं.

स्पष्टीकरणं सगळी इंग्रजीत आहेत, त्यामुळे साधी वाक्यं वाचताना अडखळत असाल तर इतक्यात घेऊ नका. आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली, तर उजव्या पानांवरचे स्वाध्याय कोरे आहेत ना, ते आधी चाळून बघा.