वेंटवर्थ वुडहाउस: स्मारकांच्या वाटेवरील पदभ्रमंतीचा अनुभव

इंग्लंडमधील साउथ यॉर्कशर परगण्यात, रॉदरहॅम शहराजवळ, वेंटवर्थ नावाचे एक लहान गाव आहे. जहागिरीच्या मालकीच्या घरांची दारे तेथे आजही एकाच हिरव्या रंगात रंगवलेली दिसतात. गावाला लागूनच वेंटवर्थ वुडहाउस हा अवाढव्य वाडा आणि त्याच्या भोवतीची शेते, वने व हरणांचे उपवन पसरलेले आहे. वाडा पाहण्यासाठी तिकीट लागते; परंतु उपवनातून जाणारी सार्वजनिक पायवाट विनामूल्य आहे, आणि माझ्या मते या जागेचे खरे आकर्षण त्या पायवाटेवर व भोवतालच्या टेकड्यांवर आहे. अठराव्या शतकातील एका राजकीय घराण्याने आपली निष्ठा, मैत्री आणि पक्षाभिमान येथे दगडात उभा करून ठेवला आहे.

पायवाटेवरून वाड्याचा पूर्वेकडील दर्शनी भाग समोर येतो, तेव्हा तो एका नजरेत मावत नाही. त्याची लांबी 606 फूट, म्हणजे सुमारे 185 मीटर आहे. वाड्याचा मालक असलेल्या पहिल्या मार्क्वेस ऑफ रॉकिंगहॅमने (मार्क्वेस ही उमरावांची एक वरची पदवी) आधी पश्चिमेकडे विटांची एक इमारत बांधून घेतली आणि ती पुरती होण्याच्या सुमारासच तिच्या पाठीला पाठ लावून पूर्वेकडे हा नवा प्रचंड भाग उभारायला घेतला. आतील दालने पाहण्याजोगी आहेतच, पण या आकाराचा उद्देश शेतातून चालत येणाऱ्या माणसालाच जास्त चांगला कळतो, कारण हा भाग दुरूनच डोळ्यांत भरावा यासाठीच रचलेला आहे.

वाड्याच्या ईशान्येस एका उंचवट्यावर हूबर स्टँड हा मनोरा आहे. जॅकोबाइटांचे, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचे, 1745 चे बंड मोडले गेल्याबद्दल राजा दुसऱ्या जॉर्जप्रती कृतज्ञता म्हणून तो बांधला गेला आणि 1748 मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात, 1746 मध्ये, तो बांधून घेणाऱ्या याच पहिल्या रॉकिंगहॅमला मार्क्वेस ही पदवीही मिळाली होती, हे येथे लक्षात ठेवावे. हेन्री फ्लिटक्रॉफ्टने आखलेला हा मनोरा त्रिकोणी असून वर निमुळता होत जातो, त्यामुळे माथ्यावरचा घुमट काही कोनांतून चक्क एका बाजूला सरकल्यासारखा दिसतो. मनोऱ्याभोवती एक फेरी मारून हा दृष्टिभ्रम अवश्य अनुभवावा. आतील जिना मात्र उन्हाळ्यात ठरावीक दिवशीच चढता येतो.

जवळच्या वनाच्या कडेला असलेला नीडल्स आय, म्हणजे मधोमध कमान असलेला दगडी पिरॅमिड, मला सर्वांत गमतीदार वाटला. सुईच्या नेढ्यातून घोडागाडी हाकून दाखवीन अशी पैज एका मार्क्वेसने मारली आणि ती जिंकण्यासाठी हे बांधकाम केले, अशी दंतकथा आहे. एका बाजूच्या दगडांवरील खळगे बंदुकीच्या गोळ्यांचे असून येथे कुणाला तरी गोळ्या घालून ठार केले असावे, असेही सांगतात. दोन्ही कथा ऐकून सोडून द्याव्यात आणि कमानीखाली थोडा वेळ बसावे.

या साऱ्यांत श्रेष्ठ म्हणजे रॉकिंगहॅम मॉसोलियम, म्हणजे समाधीसारखे स्मारक. दोनदा पंतप्रधान झालेल्या दुसऱ्या मार्क्वेसच्या स्मरणार्थ त्याच्या भाच्याने, चौथ्या अर्ल फिट्झविल्यमने, वास्तुविशारद जॉन कारकडून ही सुमारे 90 फूट उंच तीनमजली वास्तू बांधून घेतली. मार्क्वेसचे दफन यॉर्क मिन्स्टरमध्ये झालेले असल्यामुळे मधल्या मजल्यावरील शवपेटी रिकामीच आहे. आपल्याकडील छत्रीशी तिचे नाते चटकन जुळते. खाली नॉलकेन्सने घडवलेला त्याचा पुतळा आणि भोवती आठ मित्रांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत एडमंड बर्क आहे. रॉकिंगहॅमचा खासगी सचिव म्हणून राजकारणात आलेल्या याच बर्कने पुढे वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग चालवला. मराठी वाचकाला आणखी एक धागा सापडेल: मे 1782 मध्ये मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात सालबाईचा तह झाला, तेव्हा ब्रिटनचा पंतप्रधान हाच रॉकिंगहॅम होता, आणि त्यानंतर दीड महिन्यातच, 1 जुलै रोजी, तो पदावर असतानाच मरण पावला.

दक्षिणेकडील 115 फुटी केपेल्स कॉलम इतर स्मारकांपासून बराच दूर आहे. अ‍ॅडमिरल केपेल हा रॉकिंगहॅमचा राजकीय मित्र. फ्रेंचांविरुद्धच्या 1778 च्या उशांच्या आरमारी लढाईनंतर त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि 1779 मध्ये तो निर्दोष सुटला, त्या विजयाचे हे स्मारक. स्तंभ मूळ आराखड्यापेक्षा बुटका राहिल्यामुळे त्याचा मधला फुगवटा अंमळ जास्तच जाणवतो. त्याची कथा चांगली असली, तरी केवळ त्याच्यासाठी एवढी पायपीट करावी, असे मी म्हणणार नाही.

या हिरवळीकडे पाहून तिला जुनी आणि अस्पर्शित समजू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 पासून, सरकारने येथे कोळशाच्या उघड्या खाणी खणल्या आणि त्या वाड्याच्या अगदी जवळ येऊन भिडल्या. उद्यानांचा मोठा भाग त्यात गेला. नंतर वाड्यात शिक्षिकांचे महाविद्यालय चालले, आणि 2017 मध्ये एका जतन न्यासाने 70 लाख पौंडांना वाडा विकत घेतला. अशा वास्तूचे छप्पर शाबूत ठेवण्याचा खर्च पाहता, पायवाट फुकट असली तरी वाड्याचे तिकीट काढावे, असे मला वाटते.

पावसानंतर शेतातील वाटा चिखलाच्या होतात, तेव्हा घोट्यापर्यंतचे बूट घालावेत. सर्व स्मारके एका दिवसात जोडण्याचा अट्टहास करू नये: एका दिवशी गावातून निघून वाडा, हूबर स्टँड आणि नीडल्स आय पाहावेत, आणि मॉसोलियमसाठी ते आतून पाहायला खुले असेल असा वेगळा दिवस राखून ठेवावा.