‘उपीट कुणाचं?’ न विचारणारं हॉटेल

हॉटेलचं नाव लिहीत नाही. रविवारी आधीच बाहेरच्या बाकड्यावर पंचवीस मिनिटं बसावं लागतं, त्यात आणखी भर नको. सारसबागेकडून टिळक रोडला येताना एका गल्लीत आहे, पर्वती चढून-उतरून आलेल्यांचे घामेजलेले घोळके दिसले की तेच.

खाण्याचं आधी उरकते. इडली मऊ, खोबऱ्याची चटणी दर वेळी ताजी, सांबार पुणेरी जिभेला सांभाळून किंचित गोड. शिऱ्यात तूप सढळ हाताने. मसाला डोसा मागवू नका, भाजीत हळदच हळद असते. कॉफी चांगली. बेसिनपाशी टॉवेलची अपेक्षा ठेवू नका.

पण मी तिथे जाते ती तिथल्या वेटर मामांसाठी. मामा साठीच्या पुढचे, खिशाला पेन नाही, हातात वही नाही. आम्ही आठजणी दोन टेबलं जोडून बसतो. मामा फ्रिजकडच्या खुर्चीपासून सुरुवात करतात आणि घड्याळाच्या काट्यासारखे फिरत येतात. बोलणारीच्या तोंडाकडे बघतच नाहीत. बघतात ते तिच्या पुढ्यातल्या मोकळ्या टेबलाकडे, जिथे ताटली येणार असते तिथे. मग खिडकीशी जाऊन आत ओरडतात, “तीन इडली, दोन मेदूवडा, एक दहीवडा, एक उपीट, एक ओनियन उत्तप्पा कडक!” म्हणजे स्वयंपाकघराला बेरीज करून सांगायचं आणि फोड स्वतःच्या डोक्यात ठेवायची. आतून पदार्थ होतील तसे येतात, उत्तप्पा सगळ्यात शेवटी. तरी प्रत्येक ताटली जिची तिच्यापुढे, वेगळी चटणी मागणारीला चटणी वेगळी. “कुणाचं?” हा शब्द नाही.

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्राची प्रॅक्टिकलं घेतली, त्यामुळे माझा चहा इथेच निवतो. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ साली अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मावणाऱ्या गोष्टींचा आकडा ‘सात, दोन कमी-जास्त’ असा सांगितला. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवनने तो चारच्या आसपास आणला. आमच्या मुलांना मी आकडे वाचून दाखवायचे आणि त्याच क्रमाने म्हणायला लावायचे. मुलं आकडे फारसे विसरत नसत, क्रम विसरत. पहिला बरोबर, शेवटचा बरोबर, आणि मधल्या दोन शेजाऱ्यांची अदलाबदल. काय होतं ते आठवतं, कुठे होतं ते निसटतं. जागेसाठी वेगळी चाचणी असे, १९७२ मधली फिलिप कोर्सीची. फळीवर नऊ ठोकळे. परीक्षक एकेकावर टिचकी मारत जातो, समोरच्याने त्याच क्रमाने मारायची. आकडे फक्त परीक्षकाच्या बाजूला. आमची फळी कॉलेजच्या सुताराने केली होती आणि आकडे चुकून दोन्ही बाजूंना रंगवले होते. त्या वर्षीच्या बॅचचे गुण बघण्यासारखे होते.

तर गेल्या महिन्यात मला दुर्बुद्धी सुचली. ऑर्डर देऊन झाल्यावर हात धुवायच्या निमित्ताने उठून आम्ही चौघींनी खुर्च्या बदलल्या. मामा आले. दहीवडा सांगितलेलीपुढे उपीट, उपीटवालीपुढे मेदूवडा. तिसरी ताटली हातातच थांबली. “मॅडम, तुम्ही हलला.” चिडले नाहीत, पण मीच ओशाळले. ब्यूनोस आयर्समधल्या वेटरांवर हाच प्रयोग होऊन २००८ साली छापूनही आला आहे. एका टेबलावर आठ गिऱ्हाइकं, पेयांची ऑर्डर, लिहायचं नाही. जागेवर बसून राहिली तर सगळं चोख, जागा बदलल्या की चुकाच चुका. ते वाचलेलं असूनही मी मामांना छळलं, हे इथे कबूल करते.

खुर्च्या न हलवता त्यांची चूक मी एकदाच पाहिली. लांब बाजूच्या मधल्या दोघी, एकीचा मेदूवडा दुसरीकडे आणि दुसरीचा दहीवडा हिच्याकडे. शेजारच्या, मधल्या, आणि पदार्थांची नावं सारखी वाजणारी. मानसशास्त्रज्ञ कॉनराडने १९६४ मध्ये दाखवलं होतं की अक्षरं डोळ्यांनी वाचली तरी आठवताना लोक सारख्या आवाजाच्या अक्षरांत घोटाळा करतात. शिऱ्याची आणि उत्तप्प्याची अदलाबदल मामांकडून व्हायची नाही, वड्या-वड्यांची होऊ शकते.

शेजारच्या रस्त्यावर एक चकचकीत नवं हॉटेल आहे, तिथे टॅबवर ऑर्डर घेतात. पदार्थ एकही चुकत नाही. पण टॅबला टेबल नंबर कळतो, खुर्ची कळत नाही. मुलगा चार ताटल्या हातावर तोलत उभा राहतो, आम्ही बोलणं तोडून शाळेतल्यासारखे हात वर करतो, तेवढ्यात इडली गार.

मामांच्या हॉटेलात जायचं तर साडेआठच्या आत जा आणि एकदा बसलात की हलू नका. उशिरा येणारी मैत्रीण कडेच्या खुर्चीवर बसवा, मध्ये घुसवू नका. सोमवारी मामांची सुट्टी असते. त्या दिवशीचा पोरगा चिठ्ठीवर सगळं लिहून घेतो, दोनदा वाचून दाखवतो, आणि ताटल्या घेऊन आला की विचारतो, “उपीट कुणाचं?”