केसगळती: बायोटिनची गोळी की तारल्यांचं हुमण?

थोरली तीन महिन्यांची झाली आणि न्हाणीघराच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका दिसायला लागला. फोंड्याला माहेरी होते. आई म्हणाली, "बाळ आईला ओळखायला लागलं की केस जातातच." शेजारच्या वहिनीने बायोटिनच्या, म्हणजे एका बी जीवनसत्त्वाच्या, गोळ्या सुचवल्या. पहिल्या खेपेला मी गोळ्या घेतल्या, धाकट्याच्या वेळी जेवणाकडे लक्ष दिलं, त्यात तारल्यांचं हुमण, म्हणजे छोट्या माशांचं कालवण, आलंच. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी दोन्ही अनुभव मांडते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ही गळती दोन्हींपैकी कशानेही लगेच थांबत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे एरवी गळून गेले असते ते केसही डोक्यावर राहतात. बाळंतपणानंतर ते झपाट्याने उतरतं आणि दोन ते चार महिन्यांनी हे राहून गेलेले जास्तीचे केस एकदम सुटतात. आईचा काळाचा अंदाज अगदी बरोबर होता! बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटरच वाढतो, तेव्हा धीर धरावा लागतो.

मग गोळी कशासाठी? पाजणाऱ्या आईला दिवसाला ३५ मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते साध्या जेवणातून मिळतं. केसांच्या गोळ्यांत मात्र बहुधा ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. मला जास्त खटकतं ते वेगळंच. एवढ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड खरोखर बिघडतो आणि त्यानेही केस गळतात. म्हणजे जी तपासणी खरं कारण दाखवेल, तीच गोळीमुळे फसू शकते. माझा रिपोर्ट विचित्र आला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "केसांच्या गोळ्या घेता का?" गोळ्या बंद करून पुन्हा रक्त द्यावं लागलं. घेत असाल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

जेवणाची बाजू मला जड वाटते, पण केसांसाठी जादू म्हणून नाही. बाळंतपणात रक्त जातं, मग पाजायचं असतं. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. लोह किंवा प्रथिनं कमी पडली तर गळती लांबू शकते. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे कित्येक घरांत चाळीस दिवस मासे बंद, पालेभाजी बंद, नुसती पेज आणि तूप! पेज पचायला हलकी, ती हवीच. पण तिच्याबरोबर तारल्यांचं हुमण किंवा बांगडा का नको? त्यांत प्रथिनं आहेत, बी-१२ आहे, आणि माशातलं लोह भाजीतल्यापेक्षा चांगलं शोषलं जातं. मोरी (शार्क) मात्र टाळा, मोठ्या माशांत पारा साठतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा अंडी आणि कुळथाची पिठी.

शाकाहारी घरांत तांबडी भाजी (लाल माठ), अळिवाचे लाडू, नाचणी. भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला की उलट होतं. माझी ही सवय सुटायला महिना लागला.

पण रक्तच कमी असेल तर लाडवांवर भागत नाही. गोळी घ्यायचीच तर लोह आणि फॉलिक अॅसिडची घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, वेगळ्या वेळी.

केस चकत्या पडून जात असतील, वर्ष उलटूनही गळत असतील, छाती धडधडत असेल किंवा झोपूनही थकवा जात नसेल, तर गोळी की हुमण हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या.